पीक हुकूम ऐकत नाही



‘राजा बोले, दळ हाले’ अशी आपल्याकडे म्हण आहे. दळ हालेल, कचेरी हालेल. पण राजा बोलला म्हणून गव्हाची ओंबी भरत नाही. ही साधी गोष्ट शिकायला सोव्हिएत रशियाला फार मोठी किंमत मोजावी लागली. ती हकिकत शेतीशीच निगडित आहे, म्हणून आज सांगतो.

निकोलाय वाविलोव्ह हे रशियातले मोठे वनस्पतिशास्त्रज्ञ. जन्म १८८७ चा. कोणते पीक मुळात कोठले, याचा त्यांनी आयुष्यभर शोध घेतला. जेथे पिकाचे मूळ, तेथे त्याचे नाना वाण सापडतात. त्यांतच रोगाला आणि दुष्काळाला दाद न देणारे गुण मिळतील, असे त्यांचे म्हणणे होते. त्यासाठी ते अफगाणिस्तान, इथिओपिया, मेक्सिको असे देशोदेशी हिंडले. लेनिनग्राडच्या त्यांच्या संस्थेत बियाण्यांचे दोन लाखांहून अधिक नमुने जमले.

त्याच काळात त्रोफिम लिसेंको पुढे आला. गव्हाचे बी भिजवून थंडीत ठेवले, तर हिवाळी गहू वसंतात पेरता येतो, असे तो सांगे. एवढ्यात काही तथ्य होते. वाविलोव्ह यांनीही सुरुवातीला त्याला उत्तेजन दिले. पण पुढे लिसेंको म्हणू लागला, की एकदा थंडी दाखवलेल्या बियाचा हा गुण पुढच्या पिढ्यांतही उतरतो. मेंडेलने वाटाण्यावर प्रयोग करून शोधलेले आनुवंशिकतेचे नियम त्याने झिडकारले. शेतांकडून प्रश्नावल्या भरून घ्यायच्या आणि उत्पन्न वाढले म्हणून जाहीर करायचे, ही त्याची रीत. शेजारी साधा पट्टा पेरून तुलना करावी, याची त्याला गरज वाटत नसे.

सरकारला घाई होती. १९३२-३३ च्या दुष्काळात लाखो माणसे अन्नावाचून मेली होती. नवा वाण तयार व्हायला वर्षे लागतात, असे शास्त्रज्ञ सांगत. लिसेंको अडीच वर्षांत देतो म्हणे. तो शेतकऱ्याचा मुलगा, स्टालिनच्या मर्जीतला. त्याला विरोध म्हणजे देशद्रोह, अशी हवा तयार झाली.

वाविलोव्ह मात्र आपल्या मतापासून ढळले नाहीत. १९४० च्या ऑगस्टमध्ये, बियाणे गोळा करीत फिरत असतानाच त्यांना पकडले. देशाला पोटभर अन्न मिळावे म्हणून जगभर हिंडलेला हा माणूस २६ जानेवारी १९४३ रोजी सारातोव्हच्या तुरुंगात उपासमारीने खंगून मेला. इकडे लेनिनग्राडला जर्मनांचा वेढा पडला होता. संस्थेतील कित्येक शास्त्रज्ञ भुकेने मेले, पण भाताच्या, भुईमुगाच्या बियाण्याला त्यांनी हात लावला नाही.

१९४८ साली स्टालिनच्या संमतीने लिसेंकोचे मत हेच खरे शास्त्र ठरले. आनुवंशिकता शिकवणाऱ्यांच्या नोकऱ्या गेल्या, पुस्तके हद्दपार झाली. एकाच जातीची झाडे आपसांत स्पर्धा करीत नाहीत, या त्याच्या मतावरून रोपे झुबक्याने लावली गेली. त्यांतली बरीचशी मेली. १९६५ मध्ये लिसेंकोला पदावरून दूर केले, तोवर तेथील वनस्पतिशास्त्र मागे पडले होते.

त्याचे महत्त्व आपल्याला कळायला लांब जायला नको. १९६४ साली आपल्या देशात सीएसएच-१ ही पहिली संकरित ज्वारी आली. ‘हायब्रीड’चे बी दर वर्षी नवे का घ्यावे लागते? घरचे राखून पेरले तर ताटे एकसारखी येत नाहीत, आईबापांचे गुण वेगवेगळे होऊन निघतात. हाच मेंडेलचा नियम. लिसेंको जे मानत नव्हता, ते आपण आपल्या वावरात डोळ्यांनी पाहिले आहे.

लिसेंको चुकला, हा गुन्हा नव्हे. शास्त्रात चुका होतातच. अनर्थ झाला तो चूक दाखवणाऱ्याचे तोंड बंद केल्यामुळे. बांधावरचा माणूस ‘हे पीक बसले’ असे म्हणू शकत नसेल, तर कागदावर भरघोस पीक येते आणि कणगी रिकामी राहते.

म्हणून बंधूंनो, नवे बियाणे, नवे औषध घ्या, पण थोडा पट्टा नेहमीच्या रीतीचा ठेवा आणि रास झाल्यावर दोन्हींचे माप घ्या. सांगणारा साहेब असो, दुकानदार असो की गावचा पुढारी, ‘हे कशावरून?’ असे विचारायला लाजू नका. आणि घरातल्या पोराने किंवा सुनेने तोच प्रश्न आपल्याला विचारला, तर ‘तुला काय कळतं?’ म्हणून गप्प बसवू नका. माप त्यांनाही घेऊ द्या.