घरचें आरोग्य : बालकांची कावीळ आणि पित्ताची वाट

वळवणच्या धरणावर हिंडावयास गेलेल्या आमच्या वाचकांनीं तेथील जलाशय डोळे भरून पाहिला असेल. परंतु तें पाणी घाट उतरून खोपोलीच्या वीजगृहांत कोणत्या वाटेनें जातें, याचा विचार थोड्यांनींच केला असेल. १९१५ सालीं मुंबईस वीज देऊं लागलेल्या या योजनेचा सारा भरवसा त्या वाटेवर आहे. मनुष्याच्या उदरांतही अशीच एक वाट आहे. यकृतांत तयार होणारें पित्त एका बारीक नलिकेनें आंतड्यांत उतरतें व अन्नांतील स्निग्धांश पचविण्यास साह्य करतें. कांहीं बालकांत ही नलिका जन्मतःच पिशवीसारखी फुगलेली असते. पित्त तेथें तुंबतें आणि दुखण्यास आरंभ होतो.

हा विकार विरळा खरा. पण तो मुलांपेक्षां मुलींत तीन-चार पट अधिक आढळतो. पोटदुखी, कावीळ व उजव्या बरगडीखालीं हातास लागणारी गाठ हीं त्याचीं लक्षणें. मात्र तिन्ही एकाच वेळीं थोड्याच बालकांत दिसतात, आणि घरांत घोटाळा होतो तो येथेंच. सहा-सात वर्षांची मुलगी मधून मधून पोट धरून बसते. आजी ओवा देतात, काकू जंतांवर बोट ठेवतात, कोणी दृष्ट काढतें. पुढें डोळे पिवळे झाले, कीं काविळीची माळ गळ्यांत पडते. तुंबलेलें पित्त कधीं कधीं आपणच वाट काढतें व कावीळ ओसरते. श्रेय मात्र माळेस मिळतें, आणि मूळ व्याधि तशीच राहते. यांत मायेची उणीव नसते, माहितीची असते.

अशा मुलीची प्रथम सोनोग्राफी करतात. तींत नलिका फुगलेली दिसली, कीं एम. आर. आय. यंत्रानें पित्तमार्गाचें चित्र घेतात. पूर्वी त्यासाठीं तोंडावाटे दुर्बीण आंत घालून नलिकेंत औषध सोडावें लागे व क्ष-किरणांनीं चित्र काढावें लागे. त्यांत स्वादुपिंडास सूज येण्याचें भय असे. १९९१ च्या सुमारास पुढें आलेल्या या नव्या रीतींत क्ष-किरण नाहींत, दुर्बीण नाहीं, आणि बहुधा सुईही नाहीं. प्रबळ चुंबकाच्या योगानें शरीरांतील स्थिर द्रव तेवढा शुभ्र उमटतो व आसपासचे अवयव काळवंडतात. त्यामुळें पिशवी केवढी आहे, फुगवटा यकृतांतील शाखांपर्यंत गेला आहे काय, खडे आहेत काय, आणि पित्तनलिका स्वादुपिंडाच्या नलिकेस कोठें मिळते, हें शस्त्रवैद्यास आधींच कळतें. अगदीं तान्ह्या मुलांत बारीक नलिका कधीं अस्पष्ट राहतात, एवढी मर्यादा ध्यानांत ठेवावी.

यंत्राचा आवाज मोठा असतो व मुलानें निश्चल पडून राहावें लागतें. म्हणून लहानांस डॉक्टरांच्या देखरेखीखालीं झोपेचें औषध देतात. किती तास उपाशी ठेवावें, तें त्यांनाच विचारावें. वाळे, कमरेची साखळी, ताईत हें सारें घरींच उतरवावें.

उपाय शस्त्रक्रियेचाच आहे. फुगलेला भाग काढून आंतड्याचा तुकडा यकृताकडील नलिकेस जोडतात. पिशवी तशीच राहूं दिली तर वारंवार ज्वर, खडे, यकृताची हानि, आणि मोठेपणीं कर्करोगाचाही धोका संभवतो.

तान्ह्या बाळाविषयीं एक सूचना आम्ही आवर्जून करितों. दोन आठवड्यांनंतरही कावीळ राहिली, किंवा शौच पांढुरकें होऊं लागलें, तर एक दिवसही दवडूं नये. अशा वेळीं पित्तनलिका मुळांतच बंद असण्याचा संभव असतो, व त्यावरील शस्त्रक्रिया दोन महिन्यांच्या आंत झाल्यास यशाची आशा अधिक असते. बाळाचें लंगोट बदलणाऱ्या आजींच्या नजरेस ही खूण सर्वांआधीं पडते. त्यांनीं ती पाहावी, आणि घरांतील कर्त्यांनीं त्यांचें म्हणणें त्याच दिवशीं मनावर घ्यावें.