चोवीस आट्यांचा इतिहास आणि आबांची सायकल

१/ धागा. एरवी येथे मी ताम्रपट, तह आणि किल्ल्यांविषयी लिहितो. आजचा विषय सायकलचा आहे, आणि तोही तिच्या दोन सहसा न दिसणाऱ्या सांध्यांचा. एक, क्रँकचा ॲक्सल जिथे फिरतो तो बीबी. दुसरा, हँडलसह चिमटा ज्यांवर वळतो ते वरचे-खालचे कप. हे भाग झिजल्यावर त्यांच्या जागी काय बसवावे, याविषयी माझे मत ठाम आहे आणि ते इतिहासातूनच बनले आहे.

२/ निमित्त शिंदखेड्याच्या आमच्या घरातील आबांच्या काळ्या सायकलचे. शेत, बाजार आणि रेल्वे स्टेशन या तीन ठिकाणांमध्ये तिने अनेक वर्षे काढली. कधी चाऱ्याचा भारा, कधी दुधाचे कॅन, कधी मागे आजी. दिवाळीच्या सुट्टीत मी तिला पडवीतून बाहेर काढले. पायडल मारताना कटकट वाजत होती, क्रँक हाताने हलवली तरी डुगडुगत होती आणि हँडल सरळ होताच खटकन अडत होते. शहाणपणा करून मी स्वतःच खोलायला बसलो. उजवीकडचा कप, सगळे नट फिरवतात तसा, घड्याळाच्या उलट दिशेने फिरवला. सुटेना म्हणून पान्याला नळी लावून जोर केला. पाना सटकला, कपाच्या कडा गोल झाल्या, बोटांची साले निघाली. सायकल ढकलत बाजारातील मिस्त्रींकडे नेली. त्यांनी खाली वाकून पाहिले आणि म्हणाले, "भाऊ, उलटा आटा शे तो. आटा गया ते सायकल गयी."

३/ उलटा आटा कशासाठी? उजव्या बाजूने पाहिल्यास ॲक्सल घड्याळाच्या दिशेने फिरतो; पण मधले छर्रे घरंगळताना कपाला हळूहळू विरुद्ध दिशेने सरकवू पाहतात. सरळ आटे असते तर कप रोज किंचित सैल झाला असता. आटे उलटे असल्याने तीच ओढ कपाला आवळून धरते. इटलीच्या मापात दोन्ही बाजूंना सरळ आटे असतात आणि त्या सायकलींचा उजवा कप सुटण्याची तक्रार जुनीच आहे. हेच तत्त्व पायडललाही लागू पडते. विमान उडवण्याच्या ३ वर्षे आधी, १९०० साली, राइट बंधू आपल्या दुकानातील सायकलींना न सुटणारे पायडल बसवत होते, तेही डावीकडे उलटे आटे पाडून.

४/ आता मापाकडे. १८४१ साली जोसेफ व्हिटवर्थने इंग्लंडमध्ये आट्यांचे एक समान माप सुचवले. त्याआधी प्रत्येक कारखान्याचा बोल्ट त्याच कारखान्याच्या नटात बसे. सायकल आली तेव्हाही हाच गोंधळ होता. तो निस्तरण्यात बर्मिंगहॅम स्मॉल आर्म्स या कंपनीचा वाटा मोठा. १८६१ साली स्थापन झालेली ही कंपनी मूळची बंदुकांची. तिच्या शिक्क्यावर एकमेकींना टेकून उभ्या असलेल्या ३ रायफली असत. एका बंदुकीचा सुटा भाग दुसरीत बसलाच पाहिजे, ही शिस्त तिने सायकलच्या भागांतही आणली आणि ते भाग इतर कारखानदारांना विकले. विसाव्या शतकाच्या आरंभी ब्रिटिश सायकल-अभियंत्यांच्या संस्थेने प्रमाण ठरवले, आणि बीबीसाठी १.३७० इंच व्यासाचे, इंचाला २४ आट्यांचे माप रूढ झाले. जगभरचे कारागीर आजही त्याला 'बीएसए आटे' म्हणतात.

५/ मराठी मुलखात सायकलचा व्यापार याच काळात सुरू झाला. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १८८८ साली बेळगावात सायकलींचे दुकान काढले. लोखंडी नांगर पुढचा. महायुद्धापूर्वी आपल्याकडच्या बहुतेक सायकली विलायती होत्या. स्वातंत्र्यानंतर चित्र पालटले: १९४९ साली मद्रासला टीआय, १९५१ साली सोनिपतला ॲटलस, पुढे आसनसोलला सेन-रॅले, १९५६ साली लुधियान्यात हिरो. कारखाने देशी झाले, सांगाडा मात्र ब्रिटिश रोडस्टरचाच राहिला, आणि त्याबरोबर आटेही. पुढे सायकलचे बरेच सुटे भाग लघुउद्योगांसाठी राखीव झाले. लुधियान्याच्या एखाद्या गल्लीत घडलेला कप शिंदखेड्याच्या बाजारात विनातक्रार बसतो, तो या वारशामुळे.

६/ एक गंमत. १९५६ सालीच संसदेने दशमान मापांचा कायदा केला. शेर गेला, मैल गेला, आणा गेला. सायकलच्या दुकानात मात्र अजून 'पाव इंची छर्रे द्या' असेच म्हणावे लागते.

७/ आता माझे मत. आपण टिकाऊपणा वस्तूच्या आत शोधतो: पोलाद किती कठीण, किंमत किती, डबीवर काय छापले आहे. हे सगळे दुय्यम आहे. कप आज ना उद्या झिजणारच. झिजावे म्हणूनच तो वेगळा केलेला आहे. पहिला प्रश्न हा विचारावा, की तो झिजेल तेव्हा त्याच मापाचा दुसरा कप माझ्या तालुक्याच्या गावी मिळेल का? ज्या मापाने शंभराहून अधिक वर्षे, एक साम्राज्य आणि अनेक कारखाने पचवले, त्या मापाचा साधा कप मला अधिक टिकाऊ वाटतो. मिस्त्रींच्या त्या वाक्याचा मी लावलेला अर्थ हाच.

८/ म्हणून खरेदीपूर्वी माप पडताळा. नॉटिंगहॅमच्या जुन्या रॅले सायकलींवर कंपनीने स्वतःचे, इंचाला २६ आट्यांचे माप ठेवले होते. व्यास जवळपास सारखाच असल्याने २४ चा कप त्यात दोन वेढे जातो, मग अडतो. जोर लावल्यास सांगाड्यातले आटेच कापले जातात. उपाय आपल्या शास्त्रातलाच आहे. शिलालेखाचा घेतो तसा जुन्या कपाच्या आट्यांवर कागद दाबून पेन्सिलीने ठसा घ्या आणि एका इंचात किती रेषा येतात ते मोजा. आबांच्या कपाचा ठसा घेतला तेव्हा रेषा २४ भरल्या. पाचव्या-सहाव्या वेळेला मोजताना माझी बहीण विचारत होती, की हा एम.ए.चा अभ्यास आहे का.

९/ माप जुळल्यावर पोलाद पाहावे. छर्रे जिथे फिरतात ती कपाची वाट आरशासारखी गुळगुळीत हवी; तिथे कातकामाच्या रेघा दिसल्या तर कप परत करा. सुई ओढून ओरखडा उठला तर पृष्ठभाग नीट कठीण केलेला नाही. पत्रा दाबून केलेल्या हलक्या कपांत कठीण थर पातळ असतो. तो फुटला की खालचे मऊ लोखंड खड्डे धरते. छर्रे नेहमी सगळे बदला आणि एकाच पुडीतले घ्या, कारण एखादा जरी मोठा निघाला तरी भार त्याच्यावर येतो. रिंगमध्ये ओवलेल्या छर्ऱ्यांऐवजी सुटे घ्यावेत: पाव इंची, एका बाजूला ११. रिंगमध्ये ते कमी मावतात. कॉटर पिन ठोकताना क्रँकखाली नळीचा भक्कम टेकू द्यायला मिस्त्रींना सांगा, नाहीतर हातोड्याचा घाव छर्ऱ्यांमार्फत थेट नव्या कपावर उतरतो.

१०/ हँडलच्या कपांचा रोग वेगळा असतो. बीबीचे छर्रे अखंड फिरतात. चिमट्याचे छर्रे सरळ रस्त्यावर जागच्या जागी थरथरतात. ग्रीस त्यांच्या खालून निघून जाते, धातू धातूवर घासतो आणि प्रत्येक छर्ऱ्याखाली एक खळगी पडते. हँडल सरळ होताच अडते ते याच खळग्यांत. खालचा कप आधी जातो, कारण भार आणि चाकाने उडवलेली काळ्या मातीची धूळ दोन्ही त्याच्याच वाट्याला येतात. तो एकटा बदलून चालत नाही. सोबत चिमट्यावरचा कोन आणि छर्रे बदलावेच लागतात. हे कप आट्यांवर नसतात, ठोकून बसवलेले असतात आणि त्यांच्या बाहेरच्या व्यासात सूक्ष्म फरक असतात. जुना कप खिशात घालूनच दुकानात जावे. नवा कप लाकडाचा ठोकळा ठेवून सरळ बसवावा. शेवटी पुढचा ब्रेक दाबून सायकल मागे-पुढे हलवून पाहा: खुट् वाजले तर सैल, हँडल जड वळले तर आवळ.

११/ शहरातील एका दुकानाने मला सीलबंद बेअरिंगचा बीबी सुचवला. वस्तू चांगली आहे. धूळ आत जात नाही, वर्षानुवर्षे पाहावे लागत नाही, आणि तुमची सायकल नव्या बांधणीची असेल तर तोच घ्या. मात्र आट्यांचा घ्या. आबांच्या सायकलला तो बसवायचा तर कॉटरची क्रँक जाते, तिच्यासोबत दातेरी चक्र जाते, मग चेनची रेषा बदलते. महागड्या सायकलींत तर २००० सालानंतर आटेच काढून बेअरिंग दाबून बसवण्याची पद्धत आली. मापे इतकी वाढली की दुकानदारांना तक्ता पाहावा लागतो, आणि कुरकुरीच्या तक्रारींनी कंटाळून अनेक कंपन्या पुन्हा आट्यांकडे वळल्या.

१२/ 'मूळ भाग काढलेस तर सायकलचे ऐतिहासिक मूल्य गेले,' असे एका वर्गमित्राने म्हटले. त्याच्या मते तिला रंग देऊन भिंतीवर टांगावे. मला हे पटत नाही. दुरुस्ती हाही त्या सायकलच्या इतिहासाचाच भाग आहे; डाव्या कपावरील छिन्नीचे जुने घाव सांगतात की यापूर्वीही ती कोणीतरी उघडली होती. तरीही, ज्या धुळ्यात राजवाड्यांचे निधन झाले आणि जिथे त्यांचे संशोधन मंडळ उभे आहे, त्या जिल्ह्यातील विद्यार्थ्याने पुरावा भंगारात घालू नये. झिजलेले दोन्ही कप, ॲक्सल आणि २२ छर्रे एका डबीत आहेत. आत तारखेची चिठ्ठी आणि आट्यांचा ठसा.

१३/ बीबी झाला. हँडलचा खालचा कप हाती लागला असून पुढच्या सुट्टीत बसवायचा आहे. तोवर आबा हँडल थोडे दाबून धरून तीच सायकल बाजारात नेतात. तुमच्या घरी अशी सायकल असल्यास हेडवरच्या बिल्ल्याचे छायाचित्र आणि, जमल्यास, कपाचा ठसा येथे टाका. २६ रेषा भरल्या तर मला विशेष कळवा.