हावरट कोण?

बंगल्यातल्या पोरीनं जेवण टाकलं की तिच्यासाठी डॉक्टर येतो. आमच्या पोरीनं टाकलं तर ती थेरं करते. त्यांच्यातला कुणी मध्यरात्री फ्रिज उघडून पोट फुटेस्तोवर खाऊ लागला तर त्याच्या दुखण्याला इंग्रजी नाव आहे, बिंज ईटिंग. आमच्यातल्या बाईनं तेच केलं तर मराठी नावं तयार आहेत. हावरट. अधाशी. खादाड. खा खा सुटलीय रांडेला.

दोस्तहो, ह्या शब्दांना जात आहे. गावानं आपल्याकडून मेलेलं ढोर ओढून घेतलं, तेच खायला लावलं, आणि मग बोंब मारली की ह्यांना खाण्याचा काही विधिनिषेध नाही. उपाशी ठेवायचं आणि खाल्लं की हसायचं. हा धंदा जुना आहे. आता त्याच्यावर दवाखान्याचा शिक्का बसतोय, म्हणून लिहितोय.

मी दहावी पास, गोदीत गोण्या उचलतो, कविता करतो. डॉक्टर नाही. एमएसडब्ल्यू करणाऱ्या एका मैत्रिणीनं 'खाण्याचे विकार' ह्या विषयावरचे इंग्रजी कागद माझ्यापुढे वाचले, मराठीत फोड करून सांगितले. त्यातलं जे डोक्यात घुसलं ते इथं मांडतो.

ह्या आजाराचा जन्मदाखला बघा. १८७३ साली पॅरिसमध्ये लासेग आणि १८७४ साली लंडनमध्ये विल्यम गल, दोघांनी न जेवणाऱ्या तरुण पोरींवर निबंध लिहिले. गल हा राजघराण्याचा डॉक्टर. त्यानं नाव ठेवलं, ॲनोरेक्सिया नर्व्होसा. भरल्या ताटावरून उठणारी पोरगी हा वैद्यकाला कोड्याचा विषय वाटला. ठीक आहे, त्या पोरी खरंच आजारी होत्या, त्यांच्यावर माझा राग नाही. पण त्याच राणीच्या राज्यात, १८७७ साली, दख्खन आणि मद्रासच्या दुष्काळात रिचर्ड टेंपल नावाच्या साहेबानं दुष्काळी कामावरच्या गड्याची मजुरी ठरवली, दिवसाला एक पौंड धान्य आणि एक आणा. म्हणजे साडेचारशे ग्रॅम धान्यावर दिवसभर खडी फोडायची. तिथं आजाराचं नाव कुणी ठेवलं नाही. तिथं फक्त हिशोब ठेवला.

तेव्हापासून रोग्याचं चित्र ठरून गेलं. गोरी, तरुण, सडपातळ, खात्यापित्या घरची. त्या चित्रात जी बसत नाही ती रोगी नाही. हे माझ्या मनचं नाही. अमेरिकेत २००६ साली एक अभ्यास छापून आला. मेरी नावाच्या एका काल्पनिक मुलीच्या खाण्यापिण्याची रोजनिशी मानसोपचार करणाऱ्या लोकांना वाचायला दिली. मजकूर एकच. बदलला फक्त वंश. मुलगी गोरी आहे असं लिहिलं तेव्हा ४४ टक्के लोकांना तिच्या खाण्यात काहीतरी बिघडलंय असं वाटलं. हिस्पॅनिक लिहिलं तेव्हा ४१ टक्के. काळी लिहिलं तेव्हा १७. ती उपाशी राहतेय, मग तुटून पडून खातेय, हे सगळं कागदावर लिहिलेलं असून दिसलं नाही. वंशाच्या जागी आपल्याकडची आडनावं घाला आणि आपल्या इथल्या दवाखान्यात हाच प्रयोग करा. आकडे काय येतील ते येतील. पण प्रयोग करा तरी.

आता भुकेकडे येतो, कारण खरी गोम तिथं आहे. १९४४च्या नोव्हेंबरात अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठात अँसेल कीज नावाच्या शास्त्रज्ञानं ३६ धडधाकट तरुण घेतले. लढाईवर जायला नकार दिलेली पोरं, स्वखुशीनं आलेली. पुढं त्यांना २४ आठवडे निम्म्या शिध्यावर ठेवलं. वजन चौथा हिस्सा उतरलं. पण ऐकण्यासारखं ते पुढंच आहे. ही शिकलेली पोरं दिवसभर जेवणाचंच बोलायला लागली. पाककृतींची पुस्तकं गोळा करायला लागली. ताटल्या चाटायला लागली. एकेक घास चघळत बसायची. आणि उपास संपवून मोकळं खायला दिलं तेव्हा काहीजण आजारी पडेपर्यंत खात सुटले, तरी भूक भागेना.

म्हणजे काय? चांगल्या माणसाला उपाशी ठेवा, तो 'हावरट' होतो. जात लागत नाही, संस्कार लागत नाहीत. भूक पुरते. आपल्या आज्यांनी हे फार आधी ओळखलं होतं, एकादशी आणि दुप्पट खाशी म्हणत त्या उपासवाल्यांना हसायच्या. फरक एवढाच की एकादशीचा उपास पंचांगात बघून येतो आणि आमचा महिन्याच्या पंचवीस तारखेला न बघता येतो. पगाराच्या आठवड्यात मटण, शेवटच्या आठवड्यात चहा-पाव. हे चक्र वर्षानुवर्षं चाललं तर त्या शरीरात आणि डोक्यात काय होत असेल?

ह्याचं थोडं उत्तर २०१७ साली मिळालं. टेक्सासमधल्या सॅन अँटोनिओ गावात फुकट धान्य वाटणाऱ्या केंद्रांवर येणाऱ्या ५०३ लोकांना विचारलं गेलं. बहुतेक लॅटिन अमेरिकन वंशाचे, गरीब. ज्या घरांत पोरंसुद्धा उपाशी राहत होती त्या घरांतल्या मोठ्या माणसांपैकी १७ टक्क्यांमध्ये खाण्याच्या विकाराची ठळक लक्षणं निघाली. जितकी भूक जास्त तितका विकार जास्त. म्हणजे दीडशे वर्षं ज्याला खात्यापित्या घरचा आजार म्हटलं तो धान्याच्या रांगेत उभा होता. कुणी विचारलंच नव्हतं.

आमच्याकडे कोण विचारतंय? सरकारच्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत बाईचं वजन घेतात, उंची घेतात, रक्त तपासतात, जात लिहितात. २०१९-२१च्या पाहणीत देशातल्या ५७ टक्के बायकांच्या अंगात रक्त कमी निघालं. पण बाई, तू रात्री चोरून खातेस का, खाल्ल्यावर स्वतःची लाज वाटते का, हा प्रश्न त्यात नाही. रक्त कमी असलं की काहीजणींना माती खावीशी वाटते, पाटीवरची पेन्सिल, कच्चे तांदूळ. ह्याला पायका म्हणतात आणि तो खाण्याच्या विकारांच्या यादीत रीतसर नोंदलेला आहे. आपल्या वस्तीत मात्र माती खाणाऱ्या बाईला मार मिळतो नाहीतर हसू.

आणि प्रश्न विचारले तरी कोणते? जगभर वापरतात त्या प्रश्नावलीत एक प्रश्न असा आहे: गेल्या महिन्याभरात तुम्ही किती दिवस लपून खाल्लंत? अरे, आमच्यातली अर्धी पोरं शाळेत डब्याचं झाकण आडवं धरून खाऊन मोठी झाली. किती खाल्लं ह्याची लाज नव्हती, काय खाल्लं ह्याची लाज लादली होती. २०२३ साली मुंबईच्या आयआयटीत मेसमधली काही टेबलं शाकाहाऱ्यांसाठी राखीव झाली आणि त्याचा निषेध करणाऱ्या विद्यार्थ्याला १० हजार रुपये दंड झाला. तिथल्या पोरानं 'लपून खातो' असं लिहिलं तर तो आजार कुणाचा, पोराचा की टेबलाचा? दुसरा प्रश्न: वजन कमी करण्यासाठी तुम्ही बराच वेळ उपाशी राहता का? आमची आई उपाशी राहायची, पण वजनासाठी नाही. टोपलीत तीन भाकरी आणि खाणारी तोंडं पाच, म्हणून. ती खरंखरं 'नाही' सांगणार आणि कागदावर ठणठणीत ठरणार.

माझी मावशी चार घरची धुणीभांडी करते. सकाळी कोरा चहा, दुपारी एका घरचं शिळं. रात्री सगळ्यांना वाढून झाल्यावर टोपात उरेल ते. मग एक-दीडला उठते आणि अंधारात, ताटलीचा आवाज होऊ न देता, सापडेल ते खाते. शिळी भाकरी, साखर, फरसाण, काहीही. सकाळी म्हणते, आज तोंडात काही घालणार नाही. अंगानं ती जाड आहे. एका दवाखान्यात साखरेसाठी गेली तर डॉक्टरनं तिला काट्यावर उभं केलं आणि रांगेतल्या सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "मावशी, खाणं आवरा जरा." कधी खातेस, कसं खातेस, एक शब्द नाही. मावशी त्यानंतर दवाखान्यात गेली नाही. साखर आहे तिथंच आहे.

गंमत अशी की तो काटा ज्या आकड्याला मान देतो, बीएमआय, त्याला ते नाव १९७२ साली त्याच कीजनं दिलं. पाच देशांतल्या सात हजारांवर पुरुषांची मापं घेऊन. पुरुषांची. मावशी त्यात नव्हती. त्या साली मावशीची आई दुष्काळी कामावर सुकडी खाऊन दगड वाहत होती. आणि भूक पिढी ओलांडते हेही आता माहीत आहे. पुण्याजवळच्या सहा खेड्यांत १९९३ पासून डॉ. चित्तरंजन याज्ञिक ह्यांनी गरोदर बायका आणि त्यांची बाळं मोजली. बाळांचं सरासरी वजन २.७ किलो, इंग्लंडमधल्या साउदम्प्टनच्या बाळांचं ३.५. हातपाय काड्या, पण चरबी त्या मानानं टिकून. पुढं साखरेला वाट करून देणारं हे शरीर पोटातच घडतं. तेव्हा मावशीच्या कमरेवर बोट ठेवणाऱ्यानं आधी रोजगार हमीच्या खडीवर बोट ठेवावं.

मी स्वतः १६५ सेंटिमीटर, ५२ किलो. बीएमआय १९. कागदावर नॉर्मल. ५२ किलोचा नॉर्मल माणूस ५० किलोची गोणी पाठीवर घेतो आणि मुकादम वरून म्हणतो, ए काडी, चल.

आपल्यातली पोरं आता नर्सिंगला आहेत, एमएसडब्ल्यूला आहेत, काही एमबीबीएसला. त्यांना प्रबंधाला विषय लागतात. हा घ्या. पण ती परदेशी प्रश्नावली मराठीत उतरवून वस्तीत येऊ नका. आधी बायकांना बसवून प्रश्न बनवा. घरात शेवटचं ताट कुणाचं? उरलं नाही तर काय करता? कुणासमोर खायची लाज वाटते, आणि कशाची? खाण्यावरून शेवटची शिवी कुणी दिली? काटा आणलात तर आकडा मोठ्यानं वाचू नका. सही घ्यायच्या आधी कागद वाचून दाखवा. जे निघेल ते मराठीत छापून विहारात लावा, आमच्याकडूनच नेलेलं आम्हाला इंग्रजीत विकू नका. आणि यायचं तर रविवारी दुपारी दोन ते चारमध्ये या. बायका तेव्हाच मोकळ्या असतात.