सहलीचा आरंभ कोठून करावा?

शाळेची सहल म्हटली की आपल्या डोळ्यांपुढे फराळाचे डबे, गाणी आणि सर्वांचे एकत्र छायाचित्र उभे राहते. त्यात वावगे काहीच नाही. परंतु सहलीत काय पाहिले याइतकेच ते कोणत्या क्रमाने पाहिले यालाही महत्त्व असते. आर्मेनियातील प्राचीन स्थळांचे उदाहरण घेऊन मी हे मत वाचकांपुढे ठेवू इच्छितो.

आर्मेनिया हा काकेशस पर्वताच्या दक्षिणेस वसलेला लहानसा देश. परंपरेनुसार इ. स. ३०१ मध्ये तेथील राजा तिरिदात याने ख्रिस्ती धर्म हा राजधर्म म्हणून स्वीकारला. त्यामुळे यात्रेकरू प्रथम खोर विराप येथे जातात. संत ग्रेगरी यांना ज्या अंधाऱ्या विवरात सुमारे तेरा वर्षे कोंडून ठेवले होते असे सांगतात, त्यात ते शिडीने उतरतात आणि वर आल्यावर सीमेपलीकडील अरारात पर्वत डोळे भरून पाहतात. मग एच्मियाद्झिनचे मुख्य चर्च आणि गेघार्दचा मठ. वेरूळ पाहिलेल्या मुलाला गेघार्दची डोंगराच्या पोटात कोरलेली दालने पाहून आपल्या कैलास लेण्याची आठवण झाल्यावाचून राहणार नाही.

कार्यक्रम उत्तम आहे. तरीही विद्यार्थ्यांना न्यावयाचे झाल्यास मी हा क्रम मोडीन आणि त्यांना प्रथम ओशाकान या गावी नेईन.

ओशाकानच्या चर्चमध्ये मेस्रोप माश्तोत्स यांची समाधी आहे. त्यांच्या काळी आर्मेनियन भाषेला स्वतःची लिपी नव्हती. प्रार्थनामंदिरांत ग्रीक व सिरियाक भाषांतील ग्रंथ वाचले जात. सामान्य जन भक्तिभावाने ऐकत, पण अर्थ त्यांच्या पदरी पडत नसे. इ. स. ४०५ च्या सुमारास या साधूने ३६ अक्षरांची वर्णमाला सिद्ध केली. देशाची वाटणी तर ३८७ मध्येच झाली होती. ४२८ मध्ये उरलेले राजपदही गेले. पुढे मधूनमधून राज्ये उभी राहिली आणि बुडाली. अक्षरे मात्र बुडाली नाहीत.

दुसरा मुक्काम येरेवान येथील मातेनादारान या हस्तलिखितांच्या भांडारात करावा. तेथे मुश गावच्या मठातील एक प्रचंड ग्रंथ आहे. इ. स. १२०० ते १२०२ या काळात लिहिलेल्या या ग्रंथाचे वजन २८ किलो भरते. १९१५ च्या भीषण नरसंहारात दोन स्त्रियांना तो उद्ध्वस्त मठात सापडला. एकटीला उचलवेना, म्हणून त्यांनी त्याचे दोन भाग केले. एक भाग पायपीट करीत एच्मियाद्झिनला पोहोचला. दुसरा एर्झुरूम येथे जमिनीत पुरला गेला आणि पुढे सापडला. जीव वाचविणेही जेथे कठीण, तेथे त्या माउलींनी पुस्तक उचलले! ही गोष्ट ऐकल्यावर कोणता विद्यार्थी आपले पाठ्यपुस्तक फेकून देईल?

त्यानंतर खुशाल दगडी वास्तू पाहाव्यात. सातव्या शतकातील झ्वार्तनोत्सचे भव्य मंदिर दहाव्या शतकात कोसळले. गार्नीचे ख्रिस्तपूर्व दैवतांचे मंदिर १६७९ च्या भूकंपात पडले व १९६९ ते १९७५ या काळात पुन्हा उभारले गेले. दगड पडतो. अक्षरांची ओळख आधी झालेली असेल, तर गेघार्दच्या भिंतींवरील लेख मुलांना नुसती नक्षी वाटणार नाहीत.

कोणी म्हणेल, ही तर धर्मस्थळांची यात्रा. येथे भक्ती आधी, अक्षर मागून. पण माश्तोत्स यांनी वर्णमाला रचली ती धर्मग्रंथ लोकांच्या भाषेत यावा म्हणूनच. ज्ञानेश्वर माउलींची गीताटीका वाचणाऱ्यांना हे नवीन नाही.

आता आपल्या हैदराबादेविषयी. येथील उप्पुगुड्यात आर्मेनियन व्यापाऱ्यांच्या सतराव्या शतकातील कबरी आहेत. याच समाजाने १७९४ मध्ये मद्रासेत ‘अझदरार’ हे जगातील पहिले आर्मेनियन नियतकालिक काढले. उप्पुगुड्याच्या शिळांवर त्यांची अक्षरे अजून आहेत. परंतु ती वाचू शकेल असा माणूस आसपास क्वचितच भेटेल. नुसते अक्षर टिकून भागत नाही, त्याला वाचणारा लागतो.

“मुले घरी मराठी बोलतात, तेवढे पुरे,” असे म्हणणाऱ्या पालकांना माझे एवढेच सांगणे आहे. आपल्यापैकी अनेकांच्या घरी आजोबा-पणजोबांचे मोडी कागद ट्रंकेत पडून आहेत आणि घरात ते वाचणारा कोणी उरलेला नाही. एका पिढीने मोडी सोडली. दुसरीने बालबोधही सोडली, तर या मासिकाचीही गत त्या कागदांसारखीच होईल. विद्यार्थिमित्रांनो, आर्मेनिया दूर आहे. उप्पुगुडा जवळ आहे. ट्रंक तर घरातच आहे. सहलीचा आरंभ तेथून करावा.