तलाठ्याला गोष्ट सांगा

चित्रपटाच्या शेवटी जी नावं सरकतात, त्यांच्या तळाशी नुसत्या हुद्द्याने ओळखली जाणारी माणसं असतात. हवालदार, कंडक्टर, नर्स, तलाठी. चित्रपटात त्यांना ना नाव, ना घरदार. वाट्याला एक प्रसंग, त्यात एक-दोन वाक्यं. ती बोलणारी मंडळी मात्र बहुतेकदा हौशी रंगभूमीवर मुरलेली असतात, राज्य नाट्य स्पर्धेसाठी रजा साठवून ठेवणारी आणि नोकरी सांभाळून रात्री तालमी करणारी. त्यांच्या सेटवरच्या पहिल्या दिवसाबद्दल लिहायचं बरेच दिवस मनात होतं. गेल्या हिवाळ्यात मीही असाच एक तलाठी झालो, तेव्हापासून तर फारच.

शूटिंग वाईजवळच्या एका जुन्या वाड्यात होतं. या भागाला सिनेमा नवा नाही. ‘स्वदेस’मधलं चरणपूर मेणवलीच्या घाटावर उभं राहिलं, ‘गंगाजल’मधला बिहार वाईत उतरला, ‘दबंग’मधलं उत्तर प्रदेशही इथेच घडलं. त्यामुळे गर्दीत उभं राहायला आलेल्या गावातल्या बाया माझ्यापेक्षा कितीतरी तयार होत्या. मी सकाळी नाश्ता करून कॅमेऱ्याच्या आसपास घुटमळत होतो, तर त्यांच्यातल्या एक मावशी म्हणाल्या, “दादा, उन्हात हुबं राहू नका, तोंड काळवंडंल. तुमचा नंबर जेवणानंतरच लागंल.” त्यांचा अंदाज अचूक ठरला. कोणत्या कोपऱ्यात आवाजाला अडथळा होत नाही, ‘सायलेन्स’ म्हटल्यावर बांगड्या कशा मुठीत धरायच्या, हे त्या नव्या मुलींना समजावून सांगत होत्या.

ड्रेसदादांनी मला नुसतं पाहून मापाचा अर्ध्या बाह्यांचा शर्ट काढून दिला. खिशाला निळ्या टोपणाचं पेन. मेकअपदादांनी कपाळावरची चकाकी पावडरने मारली आणि हात पुढे करायला लावून नखं पाहिली. “तलाठ्याच्या बोटाला शाई पाहिजे,” म्हणाले, आणि स्टॅम्पपॅड मागवून अंगठ्याच्या कडेला जांभळा डाग दिला. तो डाग पडद्यावर दिसेल की नाही, कुणास ठाऊक. पण त्या क्षणापासून माझा हात मला सरकारी वाटू लागला. मग कंटिन्युइटी सांभाळणाऱ्या मुलीने समोरून, बाजूने फोटो काढले. वरचं बटण उघडं, पेन डावीकडे, घड्याळ नाही. पुढे दिवसभर ती माझ्यापेक्षा माझ्या पेनावर जास्त लक्ष ठेवून होती.

एवढी सगळी काळजी घेतली जात होती. फक्त मी कोण आणि मला काय म्हणायचंय, हे कुणी सांगितलं नव्हतं.

कागद हातात आला तो जेवण झाल्यावर. सीन क्रमांक 47. एक म्हातारी ओसरीवर बसलेल्या तलाठ्याकडे येते आणि तलाठी म्हणतो, “आजी, उतारा निघालाय, पण त्याच्यावर तुमचं नाव नाही.” एवढंच. शब्द पाठ व्हायला कितीसा वेळ लागणार! पण ही आजी कोण? याआधी ती कचेरीत येऊन गेलीय का? नाव नाही, हे तलाठ्याला आत्ता कळतंय की आधीच ठाऊक आहे? कागदावर याचं उत्तर नव्हतं, आणि 46 क्रमांकाच्या सीनचा कागद माझ्यासाठी नव्हताच.

नाटकात असं होत नाही. तिथे भालदाराचं काम करणारा पोरगाही पहिल्या वाचनाला बसतो. हालचाली बसवताना तो असतो आणि रंगीत तालमीपर्यंत त्याला सगळं नाटक पाठ झालेलं असतं. दरबारात कोण कुणावर डूख धरून आहे हे त्याला माहीत असतं, म्हणून त्याचं नुसतं उभं राहणंही खरं वाटतं. सिनेमाची घडी वेगळी. वाडा जेवढे दिवस ताब्यात, तेवढ्यात वाड्यातले सगळे सीन उरकायचे, मग ते सुरुवातीचे असोत की शेवटचे. कधी कधी तर शेवट आधी चित्रित होतो आणि ओळख नंतर. प्रमुख नटांकडे संहिता असते, त्यामुळे त्यांना हे तुटक काम जोडून घेता येतं. एका वाक्याच्या माणसाची निवड पुष्कळदा आदल्या संध्याकाळी होते, कथा बाहेर फुटायची धास्ती असते, आणि सहायकांना शंभर कामं असतात. ही कारणं खोटी नाहीत. पण या धावपळीत ज्याला तयारीला सगळ्यात कमी वेळ मिळतो, त्यालाच सगळ्यात कमी सांगितलं जातं, हे मला पटत नाही.

अशा वेळी मला अण्णा साळुंके आठवतात. ग्रँट रोडच्या एका खानावळीत काम करणारा हा माणूस दादासाहेब फाळक्यांनी हेरला आणि ‘राजा हरिश्चंद्र’मध्ये तारामती म्हणून उभा केला. बाईच्या भूमिकेला बाई मिळत नव्हती तो काळ. 1913 मध्ये चित्रपट लागला आणि आचारी राणी म्हणून लोकांसमोर आला. पुढे ‘लंका दहन’मध्ये तर राम आणि सीता दोघेही त्यानेच केले. पहिल्या दिवशी त्याला कॅमेरा नवा, अभिनय नवा, अंगावरचं लुगडं नवं. पण तारामती त्याला नवी नव्हती. तिने काय गमावलं, कुणासाठी गमावलं, हे घराघरातल्या पोराला ठाऊक होतं. फाळक्यांना त्याला गोष्ट सांगावी लागली नसणार. माझ्या तलाठ्याची गोष्ट मात्र दिग्दर्शकाच्या बॅगेत होती.

ती बाहेर आली एका सहायक दिग्दर्शिकेमुळे. ओसरीवरचं ऊन सरकलं म्हणून लाइटमन मंडळी कापड ताणत होती, आणि मी खांबाला टेकून ते वाक्य पुटपुटत होतो. ती शेजारी येऊन बसली. “काका, मागचं सांगू का तुम्हाला?” आणि तिने सांगितलं. आजीचा नवरा वारला, दिराने वारसनोंदीत आपली आणि मुलांची नावं लावून घेतली, आजीचं गाळलं. “आणि काका, ती फेरफार नोंद धरणारा तलाठी तुम्हीच.”

माझ्या पोटात खड्डा पडला. मी त्या वाक्यात दया घालून बसलो होतो, एका भल्या कारकुनाने दिलेली वाईट बातमी म्हणून. आता ते वाक्य अपराध्याचं झालं. ज्याने नाव गाळलं तोच सांगतोय, नाव नाही. असा माणूस आजीकडे बघेल का? तो कागदाकडे बघेल. कदाचित “आजी” हा शब्दही त्याच्या तोंडून सहज निघणार नाही. शब्द एकही बदलला नव्हता आणि माझं सगळं काम बदललं होतं.

आधी सगळ्या प्रसंगाचा मास्टर शॉट झाला. मग आजी करणाऱ्या बाईंचा क्लोज. त्यांच्या चेहऱ्यावर काय चाललं होतं ते मी कॅमेऱ्याच्या बाजूला उभा राहून क्यू देताना पाहिलं. नाव नाही हे ऐकल्यावर त्या रडल्या नाहीत, पदराच्या टोकाला बांधलेली नोटांची गाठ त्यांनी आणखी घट्ट आवळली. मग कॅमेरा माझ्यावर वळला. त्यांचं काम संपलेलं, पाय सुजलेले, खुर्ची तयार. माझ्या क्लोजला क्यू कुणीही देऊ शकलं असतं, सहायक नुसते शब्द वाचतात आणि नट भिंतीकडे बघून बोलतो, असं सर्रास चालतं. त्या म्हणाल्या, “मी आहे. घ्या.” आणि कॅमेऱ्याशेजारी उभं राहून त्यांनी तो प्रसंग पुन्हा पहिल्याइतकाच पूर्ण केला, फ्रेममध्ये नसताना. गाठ पुन्हा आवळली. माझी नजर उताऱ्यावरून उचलली गेली ती त्या हातापर्यंतच, त्याच्या वर गेली नाही. दिग्दर्शक म्हणाले, “हेच ठेवू.”

मोठा नट कशाला म्हणतात याबद्दल मी पुष्कळ वाचलं आहे. ती उभं राहण्याची तयारी मला त्या सगळ्यापेक्षा जास्त शिकवून गेली.

मराठीत आज अभिनयाचा धंदा नसलेल्या माणसांकडून फार खरं काम करून घेतलं जातंय. ‘कोर्ट’ पाहा. त्यातले कितीतरी चेहरे पूर्वी कॅमेऱ्यासमोर आलेले नव्हते. लोकशाहीर नारायण कांबळे करणारे वीरा साथीदार नागपूरचे कार्यकर्ते होते. त्यांना ती भूमिका जगण्यातूनच ठाऊक होती. बाकीच्यांना ती सांगावी लागते, आणि सांगायला दहा मिनिटं पुरतात. त्या सहायक दिग्दर्शिकेला तेवढीच लागली. लहान भूमिकेच्या नटाला आदल्या रात्री त्याच्या सीनचा कागद आणि मागच्या-पुढच्या चार ओळी फोनवर पाठवाव्यात, एवढीच माझी निर्माते-दिग्दर्शकांकडे मागणी आहे. गोपनीयतेची भीती असेल तर सकाळी कॉलला आल्यावर सांगा, मेकअप होता होता सांगा. अंगठ्यावर शाईचा डाग द्यायचं ज्यांना सुचतं, त्यांना हे जड जाणार नाही.

आमच्या नाट्यसंस्थेतल्या एका मुलाचा येत्या बुधवारी एका मालिकेच्या सेटवर पहिला दिवस आहे. हवालदार, दोन वाक्यं. तिथल्या सहायकाला त्याने स्वतः फोन करून मागचा सीन मागितला. आधी “कशाला हवाय?” असं विचारणं झालं, मग संध्याकाळी तीन पानं आली. आज तालीम सुटल्यावर आम्ही ती मिळून वाचणार आहोत. ज्या घराचं दार त्याला ठोठवायचंय, त्या घरात तो लहानपणी जेवलेला आहे, असं तिसऱ्या पानावर निघालंय.