‘ब’ विद्यापीठातले नातेवाईक

अल्बेनियातलं दुर्रस हे बंदराचं गाव. 1980 च्या दशकात तिथल्या एका घरात नातेवाइकांच्या शिक्षणाची फार चर्चा चाले. अमक्याला ‘ब’ विद्यापीठाची पदवी मिळाली, तमका अजून शिकतोय, आणखी कुणाला काढून टाकलं. घरातली शाळकरी लेआ हे ऐकतच मोठी झाली. आपल्या घराण्याला शिकण्याची भारीच आवड, एवढाच अर्थ तिला लागला होता.

खरा अर्थ कळला 1990 च्या डिसेंबरात, राजवटीने इतर पक्षांना परवानगी दिल्यावर. तेव्हा ती अकरा वर्षांची होती. ‘ब’ म्हणजे बुरेलचा तुरुंग. पदवी मिळाली म्हणजे सुटका झाली. काढून टाकलं म्हणजे जिवे मारलं. शिक्षण स्वतःहून सोडलं म्हणजे आत्महत्या. ‘आंतरराष्ट्रीय संबंध’ शिकणाऱ्यावर देशद्रोहाचा आरोप असे. तिच्या आजोबांचं ‘शिक्षण’ पंधरा वर्षं चाललं होतं.

लेआ इपी आता लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये राजकीय सिद्धांत शिकवतात. (हे विद्यापीठ खरंखुरं.) बालपणावरचं त्यांचं ‘फ्री’ हे पुस्तक 2021 साली आलं आणि पुढच्याच वर्षी त्याला ऑन्डाट्जी पुरस्कार मिळाला.

त्यांचा देश म्हणजे दारं-खिडक्या लावून बसलेलं घर. तिथला कम्युनिस्ट हुकूमशहा एन्व्हर होजा याने 1948 मध्ये युगोस्लाव्हियाशी, 1961 मध्ये सोव्हिएत संघाशी आणि 1978 पर्यंत चीनशीही फारकत घेतली. 1967 पासून धर्मावर बंदी. बाहेरून कुणी येईल या धास्तीने शेतात, किनाऱ्यावर, डोंगरात लाखाच्या वर काँक्रीटचे बंकर बांधले. आलं कुणीच नाही. कोलकात्याच्या मदर तेरेसा जन्माने अल्बेनियन. त्यांची आई आणि बहीण तिरानात राहत. आई 1972 मध्ये वारली, पण तोवर मुलीला तिथे पाऊल ठेवता आलं नाही.

छोट्या लेआला यातलं काही जाचत नव्हतं. दुकानापुढच्या रांगेत माणसाच्या जागी दगड किंवा पिशवी ठेवून नंबर धरता येतो, हे तिला इतर पोरांसारखंच पाठ होतं. शाळेत मात्र दरवर्षी एक पंचाईत होई. 1920 च्या दशकातला एक पंतप्रधान जाफर इपी. इटलीने 1939 मध्ये देश घेतला तेव्हा तो इटालियनांना सामील झाला, म्हणून इतिहासात तो गद्दार. आडनाव एकच! तो आमचा कुणी नाही, असं ती वर्गात तावातावाने सांगे, कारण घरच्यांनी तिला तसंच सांगितलं होतं. तो तिचा पणजोबा होता.

घरचे खोटं का बोलत, हे समजायला कोका-कोलाच्या डब्याची गोष्ट पुरे. डबा रिकामाच. पण या बंद देशात तोही मिरवायची वस्तू. लेआच्या आईने तो पैसे मोजून विकत घेतला आणि टीव्हीवर, भरतकाम केलेल्या रुमालावर, फुलदाणीच्या थाटात मांडला. एक दिवस तो गायब झाला. मग शेजाऱ्यांच्या टीव्हीवर अगदी तसलाच डबा दिसला आणि जिवाभावाच्या दोन घरांत बोलाचाल बंद झाली.

वैतागलेली लेआ शेजाऱ्यांच्या बागेत अंजिराच्या झाडावर लपून बसली. तिला शोधता शोधता दोन्ही घरं पुन्हा बोलू लागली. त्या समेटाच्या आनंदात पोर नको ते बोलून गेली. डब्याचं जाऊ द्या, तिला हवा होता एन्व्हरकाकांचा, म्हणजे होजाचा, फोटो. तो बाकी सगळ्यांकडे होता, तिच्याकडेच नव्हता. आईवडील ‘लावू, लावू’ म्हणत आणि लावत नसत. म्हणजे त्यांचं काकांवर प्रेमच नाही, असा निष्कर्ष तिने सगळ्यांसमोर जाहीर केला.

शेजारी सत्ताधारी पक्षाचा सभासद होता. त्याने तिला जवळ ओढलं आणि कधी नव्हे तो आवाज चढवला. तुझ्या आईवडिलांचं काकांवर प्रेम आहे, पक्षावरही आहे, आणि हे वेड्यासारखं पुन्हा कुणापाशी म्हणजे कुणापाशीही बोलायचं नाही.