शोधयंत्र आणि रक्ताचा अहवाल

विदर्भात सिकलसेल हा शब्द घराघरांत परिचित आहे. त्याचा अर्थ मात्र तितका परिचित नाही. आपल्या वसतिगृहातील एका विद्यार्थिनीच्या रक्ततपासणीत ‘एएस’ असा निष्कर्ष आला. सुटीत वडिलांच्या मोबाइलवर तिने ‘सिकलसेल’ एवढाच शब्द शोधला आणि ‘एसएस’ रुग्णांच्या वेदनांची वर्णने वाचून ती दोन दिवस नीट जेवली नाही. ‘एएस’ म्हणजे वाहक आणि वाहक सहसा निरोगी आयुष्य जगतो, हे आरोग्यसेविकेने समजावल्यावरच तिच्या जिवात जीव आला.

शोधयंत्र विचारलेल्या शब्दांशी जुळणारी पाने दाखवते. विचारणाऱ्याचा अहवाल ते वाचत नाही. सर्वांत वर दिसणारे पान कित्येकदा जाहिरातच असते. म्हणून शोधूच नये, असे मी म्हणणार नाही. दोन वाहकांचा विवाह झाल्यास प्रत्येक गरोदरपणात अपत्य रुग्ण असण्याची शक्यता २५ टक्के असते, हे ज्ञान तरुणांनी विवाहापूर्वीच मिळवले पाहिजे. परंतु माहिती कोणी लिहिली, केव्हा लिहिली, तीतून काही विकावयाचे आहे काय, हे तपासावे आणि आपल्या अहवालाचा अर्थ डॉक्टरांनाच विचारावा. वाचनाची ही शिस्त लावणे, हेही आता शाळेचेच कर्तव्य होय.